तळं बघून आलेली येसूकाकी

येसूकाकीला कुणी "बिचारी" म्हटलं की माझं डोकं फिरतं. विधवा बाई, एकुलता एक मुलगा मुंबईला, तळ्याकाठी माठ-मुळ्याचे वाफे करून पोट भरणारी, म्हणून बिचारी? अहो, ती असताना आमच्या तळवाडीत बिचारे कुणी असलेच तर ते बाकीचे सगळे. मी जनी, तिच्या पुतण्याची बायको. तिचं नि माझं अंगण लागून. लग्न होऊन आले तेव्हा तिचा आवाज ऐकला की माझ्या हातातली कळशी सटकायची. पुढं पुढं तो आवाज ऐकल्याशिवाय सकाळ झाली असं वाटेना.

तिचं माहेर आरे-वारेच्या बाजूला, अगदी समुद्राला खेटून. तिथल्या बावी, म्हणजे विहिरी, शिमगा सरला की मचूळ व्हायच्या. डाळ शिजायची नाही, चहा नासायचा. बायका-पोरी डोंगरापलीकडच्या झऱ्यावर जायच्या नि कमरेवर कळशी घेऊन परत यायच्या. काकीचं सगळं लहानपण त्या वाटेवर गेलं. एकदा ती बापाबरोबर पावसला नातेवाइकांकडे निघाली होती. वाटेत भाकरी खायला दोघं आमच्या देवीच्या तळ्यावर बसली. पोर ओंजळ भरून पाणी प्यायली. मग आणखी प्यायली. नि तोंड पुसून बापाला विचारते कशी, "बाबा, ह्या गावात लग्नाचा पोरगा हाय का कुणी?"

बापानं कपाळावर हात मारला म्हणे. पण पोरगा होता. आमचे काका. आम्ही सुना थट्टेत विचारायचो, "काकी, काकांत काय बघितलंस गो तू?" ती फणकाऱ्यानं सांगायची, "त्यांना मी लग्नात बघितलं. तळं मातर आदी बघितलं व्हतं."

असं हे तळं. तीन बाजूंनी जांभ्या चिऱ्यांनी बांधलेलं, चौथ्या बाजूनं आमच्या वाडीचा उतार. वर सड्यावर, उघड्या कातळावर, नाका नि वरची वाडी, खाली आम्ही. तळं भरलेलं असलं की आमच्या बावी भरलेल्या, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. चैत्रात बावी तळाला गेल्या की सरळ तळ्यावरच हंडा बुडवायचा. म्हणून काकीची तिथं शिस्त. पायऱ्यांवर कपडा बडवायचा नाही, म्हशी आत घालायच्या नाहीत, चूळ भरून थुंकायचं नाही. एकदा मुंबईहून आलेल्या एका चाकरमान्यानं साबण लावून अंघोळ मांडली तर काकीनं त्याचा टॉवेल उचलला नि सरळ घरी चालती झाली. बाबा तसाच ओला चड्डीवर मागनं हात जोडत आला. वाडी हसून हसून लोळली.

हे सांगते ते चौऱ्याऐंशी सालाच्या आसपासचं. तोवर नाका वाढला होता. एसटीचा थांबा पक्का झाला, दोन खाणावळी आल्या, मटणाचं दुकान आलं, बाजूला संडास बांधले. पावसात ती सगळी घाण वाहत शाळेच्या दारात यायची. तेव्हा गटार पाहिजे होतं, ते मी नाकारत नाही. पण नाक्याला उतार दोन. एक आमच्या तळ्याकडे आणि दुसरा सरपंचांच्या कलमांच्या बागेकडे. आता गटार कुठल्या बाजूला निघालं असेल ते काय ज्योतिषाला विचारायला हवं?

सरपंच म्हणजे रावजीभाऊ. वरच्या वाडीचे, शिवाय देवीच्या पालखीचे मानकरी. माणूस वाईट नव्हता हो. कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला पहिला हजर. पण आपल्या नावाची पाटी कुठं लागणार म्हटलं की त्याला पुढचं-मागचं काही दिसायचं नाही.

ग्रामसभा शाळेत भरली. तेव्हा बायका सभेला जात नसत. येसूकाकी गेली नि मलाही ओढून नेलं. रावजीभाऊ म्हणाले, "काकी, बायकांनी तिकडं व्हरांड्यात बसा."

"व्हरांड्यातनं माझा आवाज येईल ना तुला?"

"येईल की."

"मग बसते."

आणि बसली. मग सगळी सभा तिनं व्हरांड्यातनं चालवली म्हणा ना.

"रावजी, गटाराचं तोंड कुठं सोडतोस?"

"तळ्यात. काकी, तळं म्हणजे काय? पावसाचं साठलेलं पाणी. पुढल्या वर्षी वाडीत नळ येतोय. मग तळ्याकडं बघणार कोण?"

"मग आदी नळ आण, मागनं गटार घाल. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! नळाचा अजून पत्ता नाय नि तू तळं मारायला निघालास."

"काकी, सरकारी मंजुरी आलीय. ती परत गेली तर गावाचं नुकसान."

"नि तुझ्या बागेकडनं नेलंस तर कुणाचं नुकसान?"

आत खसखस पिकली. रावजीभाऊंचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईनं विचारलं, "ठरावाला मंजूर असेल त्यांनी हात वर करा." आणि सगळे हात वर. सगळे! आमच्या वाडीच्या पुरुषांचे पण. माझा नवरा दुसऱ्या रांगेत हात वर करून बसलेला मी ह्या डोळ्यांनी बघितला. घरी आल्यावर विचारलं, "तुमच्याच पोरांच्या पाण्यात घाण सोडायला हात वर केलात?" तर म्हणतो, "सगळ्यांनी केले म्हणून केला." घ्या! तो आठवडा मी त्याला कोरड्या भाकरीवर ठेवला. कालवणाला पाणी नको का चांगलं?

दिवाळीपर्यंत गटार बांधून झालं. उद्घाटनाला रत्नागिरीहून एक साहेब आले. नारळ फुटला, पाटी लागली. साहेब गटाराच्या नाक्याकडच्या टोकाला उभे राहिले, दुसऱ्या टोकाला त्यांना कुणी नेलंच नाही. काकी मध्येच घुसून म्हणाली, "साहेब, मुंडी बघितलीत, आता शेपटी बघायला चला." साहेब हसले, घड्याळात बघितलं नि जीपमध्ये बसले. काकी जीपच्या धुरात उभी राहून जे काही बोलली ते मी इथं सांगणार नाही.

माघात तळ्याला वास यायला लागला. कडेनं हिरवी साय धरली, काकीच्या वाफ्यांतला माठ पिवळा पडला. तिनं सगळी भाजी उपटून टाकली, एक जुडी नाक्यावर विकायला नेली नाही. म्हणाली, "मी घाण विकणार नाय." मग बावींच्या पाण्यालाही तोच वास. आम्ही उकळून पीत होतो, पण पोरं काय, तहान लागली की जिथं दिसेल तिथं तोंड लावतात.

माझी चिमा पिवळी झाली. पाच वर्षांची पोर. डोळे हळदीसारखे, अन्न पोटात ठरेना. तिला घेऊन रत्नागिरीला सिव्हिलला गेले. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं पिता?" मला इतकं रडू आलं, इतका संताप आला! काय सांगू? ठरावाचं पितो म्हणून सांगू?

चिमा वाचली. काटकी होऊन घरी आली. येसूकाकी संध्याकाळभर तिच्या उशाशी बसली होती, केसांतनं हात फिरवत. मला तिच्या गप्प बसण्याचीच भीती वाटली. निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "ह्या पाण्यासाठी मी हितं आले जने. आता ह्याच पाण्यानं पोरं मरायची व्हय? माझ्या डोळ्यांदेखत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी गटाराचं तोंड बुजवलं. चार मोठे चिरे रचले, मध्ये माती थापली. दुपारपर्यंत नाक्यावर खाणावळीपुढं डबकं. पंचायतीच्या गड्यानं येऊन ते फोडलं. आम्ही पुन्हा बुजवलं. त्यानं पुन्हा फोडलं. तिसऱ्या वेळी वाडीतल्या बाकीच्या बायकाही आल्या आणि सगळ्या मिळून चिऱ्यांवर बसलो. गडी बिचारा पहार घेऊन उभा. आम्हाला उठवायला हात लावायची त्याची टाप नव्हती.

तेव्हा रावजीभाऊ स्वतः आले. आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाले, "येसूकाकी, हे थांबलं नाही तर शिमग्याला पालखी तुमच्या अंगणात थांबणार नाही."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही म्हणून सांगते. शिमग्यात देवी पालखीत बसून घरोघर येते. आपल्या अंगणात टेकते, आपलं दुःख ऐकते. वर्षभर माणूस त्या एका घटकेची वाट बघतो. मुंबईचे चाकरमानी नोकरीवर लाथ मारतील पण त्या दिवशी घरी येतील. पालखी दारावरनं सरळ पुढं जाणं म्हणजे जिवंतपणी वाळीत पडणं.

काकीचं तोंड उतरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पण उठली नाही. "रावजी," ती म्हणाली, "पालखी तुझ्या बाची नाय."

ते खरंच होतं. आमच्याकडे रीत अशी की वाडीची हद्द लागली की पालखीचे दांडे त्या वाडीच्या पोरांच्या खांद्यावर जातात. मग ती पोरं नेतील तिथं पालखी. मानकऱ्यानं नुसतं बरोबर चालायचं. म्हणजे सगळं आमच्या पोरांवर होतं. आणि आमची पोरं? हात वर करणाऱ्यांचीच ना ती!

शिमग्याला काकीचा मुलगा बाळा मुंबईहून आला. गोदीत कामाला. पोर गरीब, आईच्या अगदी उलट. आल्या आल्या सुरुवात, "आये, जाऊ दे ना. रावजीभाऊंशी वाकडं कशाला? दोन दिवसांसाठी आलोय, माझी शोभा नको करूस."

"बरं," काकी म्हणाली. "तुझ्यासाठी आजपासनं पाणी उकळत नाय. दोन दिवस तर हायस. पी बावीचं."

दुसऱ्या सकाळी बाळा पोट धरून परसाकडे पळत होता. पळाला, आला, पुन्हा पळाला. सगळ्या पोरांनी बघितलं. मागनं त्यांच्यातले आणखी काही जण पळाले. पालखी वाडीच्या हद्दीवर आली तेव्हा दांड्याला खांदा द्यायला सगळ्यात पुढं कोण? बाळा. तोंड फिक्कं, पाय लटपटत होते, पण खांदा दिला. आणि पालखी ढोलाच्या तालावर नाचत सरळ येसूकाकीच्या अंगणात येऊन टेकली.

काकीनं पालखी आणणाऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं. मग मोठ्यानं सांगितलं, "हे लांबनं, डोंगरातल्या पऱ्याच्या वरच्या अंगाचं वाहतं पाणी आणलंय. देवीच्या दारचं तळं असून तिच्या पालखीला त्यातलं पाणी घालायची लाज वाटते मला." लोकांनी माना खाली घातल्या. रावजीभाऊंनी नाही घातली.

आता पालखी टेकली की गाऱ्हाणं घालायचं असतं. घरमालक आपलं दुःख कानात सांगतो, गुरव ते मोठ्यानं देवीपुढं मांडतो आणि दर वाक्याला सगळी मंडळी एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणतात. आमचे धोंडू गुरव म्हातारे. शिमग्याच्या ओरडण्यानं त्यांचा घसा पार बसला होता, म्हणून आधीच्या घरांत गाऱ्हाणं रावजीभाऊच घालत आले होते. काकीच्या अंगणात मात्र त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "माझाही घसा बसला," म्हणाले. साफ खोटं! वरच्या वाडीच्या शेवटच्या अंगणात घटकेपूर्वीच कोकलत होते. पालखी अडवता आली नाही, तर गाऱ्हाणं तरी अडवतो, एवढाच तो डाव.

"बसला? बसू दे," काकी म्हणाली. पाटावरचा नारळ तिनं उचलला. "मी घालते."

"बाईमाणूस गाऱ्हाणं घालतं व्हय?" कुणीतरी मागनं बोललं.

धोंडू गुरवांनी मान वळवली, फाटक्या आवाजात म्हणाले, "देवी कोण हाय मग? बाप्या?"

झालं. काकीनं पदर खोचला नि सुरू केलं. आवाज तोच, तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठाला जाणारा. सूर अगदी गुरवांचा. चाळीस वर्षं ऐकत आली होती.

"हे आई, तू गावची राखणदारीण, हद्दी-शिवेची मालकीण—"

"होय म्हाराजा!"

"आज लेकराच्या अंगणात आलीस, गोड मानून घे—"

"होय म्हाराजा!"

"माझा बाळा मुंबईस हाय, त्याच्या हाताला काम नि पोटाला आराम दे—"

"होय म्हाराजा!" बाळा सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. लोक हसले. ढोलवाल्यानं एक थाप मारली. ताल जमला होता.

"वाडीतल्या गुराढोरांना, पोराबाळांना सुखी ठेव—"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या तळ्यात नाक्यावरची घाण सोडली हाय—"

"होय म्हाराजा!"

"ज्यांनी सोडली ती तुझीच लेकरं, त्यांची चूक झाली हाय—"

"होय म्हाराजा!"

"तू परत देवळात जायच्या आत ते गटार तळ्यातनं काढतील, नि काढलं नाय तर तुझी पालखी खांद्यावर घ्यायला उभे ऱ्हाणार नायत—"

"होय म्हाराजा!"

तो शेवटचा होय म्हणजे नुसता दणका होता. आणि त्यात सगळ्यांच्या वरचा, खणखणीत आवाज कुणाचा? रावजीभाऊंचा. अहो, वीस वर्षं होय म्हणणाऱ्यांचा म्होरक्या तो. सूर लागला की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. घसा अगदी ठणठणीत निघाला.

मग ढोल थांबला. आपण काय म्हणून बसलो ते एकेकाच्या तोंडावर उमटायला लागलं. मला हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबला.

रावजीभाऊ चाचरत म्हणाले, "काकी, हे काय खरं नव्हे. मी सवयीनं बोललो."

"सवयीनंच हात वर करून ठराव केलात ना?" काकीनं नारळ त्यांच्यासमोर धरला. "तो खरा, नि हा खोटा?"

रावजीभाऊंनी धोंडू गुरवांकडे बघितलं. गुरव हळूच म्हणाले, "देवीपुढं दिलेला होय मागं घेता येत नाय भाऊ. मला नाय येत, तुला नाय येत." मग त्यांनी काकीच्या हातातला नारळ घेतला आणि फोडला.

पालखी देवळात जायच्या आदल्या दिवशी सकाळी रावजीभाऊ पहार घेऊन आले. स्वतः. गड्याला पाठवलं असतं तरी चाललं असतं, पण होय त्यांनी म्हटलं होतं ना. गटार वर नाक्याजवळच तोडलं, तळ्याकडचं तोंड बंद केलं, नवा चर दुसऱ्या उताराला खणला आणि घाण जिरवायचा खड्डा त्यांच्याच कलमांच्या बागेच्या कोपऱ्यात पाडला. खणताना आमच्या वाडीचे पुरुष पण गेले. माझा नवरा पण. त्याला मी त्या दिवशी कालवण वाढलं.

तळं काही लगेच साफ झालं नाही. दोन पावसाळे जावे लागले त्याला. येसूकाकी रोज काठावर जाऊन ओंजळीत पाणी घ्यायची, वास घ्यायची नि फेकून द्यायची. पऱ्यावरनं लांबचं पाणी आणायची, माहेरी आणायची तसं. कुणी कीव केली की खेकसायची, "तुझ्या डोक्यावर हाय काय कळशी?" दुसऱ्या पावसाळ्यानंतर एकदा तिनं ओंजळ फेकली नाही. प्यायली. मग मागे वळून माझ्या चिमाला हाक मारली नि तिच्या हातात कळशी दिली.

नळाचं मात्र अजून काही नव्हतं. पुढल्या शिमग्याला पालखी काकीच्या अंगणात टेकली. गुरवांचा घसा चांगला होता, तरी त्यांनी नारळ सरळ काकीच्या हातात दिला. आमच्या गावात त्या सालापासून एक गोष्ट बदलली आहे. होय म्हणायला कुणी घाई करत नाही. वाक्य पुरं होऊ देतात, समजून घेतात, मग तोंड उघडतात. ताल पार बिघडला आहे गाऱ्हाण्याचा, पाहुणे हसतात. हसू देत.

काकी म्हणाली, "हे आई, मागं नळ देतो बोलले, तो आला नाय. तो येत्या सालात आणतील—"

कुणी काही बोललं नाही. सगळी माणसं, ढोलवाला, चाकरमानी, धोंडू गुरव, रावजीभाऊंकडे बघत उभी राहिली. काकी पण. भाऊंनी टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली.

"होय म्हाराजा," ते म्हणाले. ह्या वेळी घसा खरंच बसल्यासारखा.